पत्रातले ते एक वाक्य

पत्राचा सारांश: पत्रलेखिका ४६ वर्षांच्या असून एका मोठ्या कंपनीत वरिष्ठ पदावर काम करतात. बालपण ओढगस्तीत गेले. आज स्वतःचे घर आहे, कर्ज फिटले आहे, नोकरीत मान आहे. पती नोकरी करतात, मुलगा १६ वर्षांचा आहे. गेली दोन वर्षे त्यांना आतून रिते वाटते. अलीकडे पदोन्नतीचे पत्र हाती पडले, त्या संध्याकाळी त्या घराखाली गाडीतच वीस मिनिटे बसून राहिल्या. आनंद झाला नाही, ‘चला, हेही झाले’ एवढेच मनात आले. सुखासीनतेने आपली वाढ खुंटली आहे असे त्यांना वाटते. म्हणून राजीनामा देऊन एक वर्ष ‘स्वतःला घडवण्यासाठी’ द्यावे असा त्यांचा बेत आहे: पहाटे चारला उठणे, थंड पाण्याने स्नान, वर्षात ५० पुस्तके, मौनाची दोन शिबिरे आणि वर्षाअखेरीस मॅरेथॉन. नोकरी सोडून समाजकार्यात गेलेल्या एका मैत्रिणीचे उदाहरण त्यांच्या डोळ्यांसमोर आहे. तिच्याविषयी सगळे फार आदराने बोलतात, असे त्या लिहितात. पती म्हणतात, ‘तुला सुख टोचते आहे.’ आई म्हणते, ‘हे दिवस दिसावेत म्हणून आम्ही खस्ता खाल्ल्या.’ ‘मी कृतघ्न आहे की भित्री?’ असा त्यांचा प्रश्न आहे. पत्राच्या शेवटी ओघात आलेले एक वाक्य असे: वडिलांच्या अखेरच्या आजारपणापासून, म्हणजे चार वर्षे, धाकट्या भावाशी बोलणे नाही, ‘मी पैसे पाठवत होते, तो म्हणाला रात्री मी जागलो, पण तो वेगळा विषय आहे.’

सप्रेम नमस्कार.

तुमच्या प्रश्नापुढे तुम्ही दोनच उत्तरे ठेवली आहेत, कृतघ्न किंवा भित्री, आणि दोन्ही तुम्हाला दोषी ठरवणारी आहेत. पत्र तीनदा वाचल्यावर मला त्यांतले एकही पटत नाही. मिळालेल्याची जिला किंमत नसते ती आईच्या एका वाक्याने अशी घायाळ होत नाही, आणि जी खरोखर भित्री असते ती स्वतःच्या रितेपणाविषयी इतके स्पष्ट लिहीत नाही. तेव्हा हा खटला आपण येथेच निकाली काढू आणि तुम्हाला नेमके काय होते आहे याकडे वळू.

त्याआधी एक गोष्ट विचारून घेतली पाहिजे. रितेपणाचे कारण दर वेळी आयुष्याच्या अर्थातच सापडते असे नाही. झोप बिघडली आहे का, भूक मेली किंवा वाढली आहे का, पूर्वी ज्यात मन रमायचे त्यातून ते उठले आहे का, आणि हे सलग दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ जवळजवळ रोज चालू आहे का? तसे असेल तर कोणताही मोठा निर्णय घेण्याआधी डॉक्टरांना भेटा. नैराश्य हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत; थायरॉइडच्या बिघाडानेही मन मलूल होते, आणि रजोनिवृत्तीच्या आधीच्या वर्षांत शरीरात होणाऱ्या बदलांचा मनःस्थितीवर परिणाम होऊ शकतो. यापुढे मी जे लिहिते आहे ते, या शक्यता तपासून झाल्यावरही रितेपण उरते असे धरून लिहिते आहे.

गाडीत काढलेल्या त्या वीस मिनिटांची तुम्हाला लाज वाटते असे पत्रातून जाणवले. ती वाटू नये. फिलिप ब्रिकमन आणि डोनाल्ड कॅम्पबेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७१ साली असे मांडले की, परिस्थिती सुधारली की माणूस तिला लवकरच सरावतो, त्याच्या अपेक्षाही तिच्याबरोबर वर सरकतात, आणि समाधान पुन्हा जवळपास पूर्वीच्याच जागी येऊन थांबते. कितीही चालले तरी माणसाला जागच्या जागी ठेवणाऱ्या फिरत्या पट्ट्याची उपमा त्यांनी या अवस्थेला दिली. पुढे १९७८ मध्ये ब्रिकमन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी लॉटरीत मोठी रक्कम जिंकलेल्या २२ जणांची तुलना तितक्याच सामान्य माणसांशी केली, तेव्हा जिंकलेले लोक इतरांपेक्षा लक्षणीय आनंदी आढळले नाहीत. उलट मित्राशी गप्पा मारणे, एखादा विनोद ऐकणे अशा रोजच्या लहान गोष्टींतून मिळणारे सुख त्यांना कमी वाटत होते. अभ्यास अगदी लहान होता, त्यावर मोठे सिद्धान्त उभे करू नयेत. पण तुमची ती संध्याकाळ समजून घ्यायला तो पुरेसा आहे. त्या दिवशी तुमच्यात काही बिघडले नव्हते. ज्या पट्ट्यावर तुम्ही वीस-बावीस वर्षे चालत होता, तो पट्टा असल्याचे तुम्हाला त्या वीस मिनिटांत दिसले, इतकेच.

आता याच विचाराची पुढची पायरी पाहा, कारण तुमच्या बेताचा संबंध तेथे येतो. अंगवळणी पडण्याची ही रीत जशी पदोन्नतीला लागू आहे तशीच ती थंड पाण्यालाही लागू आहे. तिसऱ्या महिन्यात थंड पाण्याचे काही वाटेनासे होईल, पहाटे चारची जाग आपोआप येईल, आणि मॅरेथॉनची शेवटची रेषा ओलांडल्यावर तुमच्या मनात पुन्हा तेच उमटण्याची मला भीती वाटते: चला, हेही झाले.

तुमची यादी मी बारकाईने वाचली. तिच्यात जवळजवळ प्रत्येक गोष्टीला आकडा आहे. चार वाजता, ५० पुस्तके, दोन शिबिरे, एक वर्ष. ही यादी एका अतिशय कर्तबगार अधिकारी स्त्रीने केलेली आहे, आणि ती तिने ज्या पद्धतीने आजवर प्रत्येक वार्षिक उद्दिष्ट पार पाडले त्याच पद्धतीने केलेली आहे. नोकरी सोडायची, पण नोकरीतली मोजपट्टी मात्र बरोबर घ्यायची, असे यात होते आहे. तुम्ही लिहिता, ‘मला माणूस म्हणून पुढच्या पातळीवर जायचे आहे.’ पातळी हा शब्द कोठून आला? जिन्याच्या पायऱ्या, वरची आणि खालची जागा, आपण कुठवर पोहोचलो याचा हिशेब, हे सारे ज्या जगाचा तुम्हाला कंटाळा आला आहे त्याच जगाचे आहे. मैत्रिणीविषयी लिहितानाही तुम्ही ती काय काम करते हे एका ओळीत आटोपले आहे, आणि लोक तिच्याविषयी कसे बोलतात यावर चार ओळी खर्च केल्या आहेत. हे मी दोष काढण्यासाठी सांगत नाही. प्रतिष्ठेची ओढ इतकी जुनी आणि इतकी चिवट आहे की ती त्यागाचेही वस्त्र पांघरून येऊ शकते, आणि मग ती ओळखणे फार कठीण होते; प्रतिष्ठा सोडल्याबद्दल मिळणारी प्रतिष्ठा ही तर सर्वांत मोहक.

या ठिकाणी एका संशोधनाचा उल्लेख उपयोगी पडेल. ख्रिस्तोफर निमिएक, रिचर्ड रायन आणि एडवर्ड डेसी यांनी २००९ मध्ये पदवी घेऊन नुकत्याच बाहेर पडलेल्या तरुणांचा मागोवा प्रसिद्ध केला. पैसा, प्रसिद्धी, रूप ही उद्दिष्टे ज्यांनी गाठली त्यांचे समाधान त्यामुळे वाढल्याचे दिसले नाही, उलट चिंतेसारखी लक्षणे वाढलेली दिसली. स्वतःची वाढ, जवळची नाती, समाजासाठी काही करणे ही उद्दिष्टे ज्यांनी गाठली त्यांचे समाधान मात्र वाढले होते. म्हणजे उद्दिष्ट गाठणे हेच सुखाचे नाही, कोणते उद्दिष्ट गाठले याने फरक पडतो. डेसी आणि रायन यांच्या मते माणसाच्या मनाला मुळात तीन गोष्टी लागतात: आपण जे करतो ते आपल्या इच्छेने करतो ही जाणीव, ते आपल्याला जमते ही जाणीव, आणि आपण कोणाचे तरी आहोत, कोणी तरी आपले आहे ही जाणीव. तुमच्या यादीत पहिल्या दोहोंची सोय भरपूर आहे. तिसरीची एकही नोंद नाही. वर्षभराच्या त्या बेतात पती नाहीत, मुलगा नाही, आई नाही, मैत्रीणही नाही. तुम्ही एकट्याच आहात, आणि पहाट आहे.

सुखसोयी हा शत्रू आहे, या तुमच्या गृहीताकडेही थोडे थांबून पाहू. ओढगस्तीत वाढलेल्या माणसासाठी स्वतःचे घर ही चैन नसते. रात्री निश्चिंत झोप लागण्याची ती अट असते. मेरी एन्सवर्थ यांनी लहान मुलांच्या निरीक्षणातून दाखवून दिले की, आई जवळ आहे अशी खात्री असलेले मूल खोलीतल्या अनोळखी खेळण्यांकडे अधिक मोकळेपणाने जाते; परत यायला हक्काची जागा असली की दूर जाण्याचे धाडस येते. मोठ्या माणसांचेही फार वेगळे नसते. पैशाने समाधान वाढत नाही हे विधानही आपण सरसकट करतो तितके सरळ नाही. २०२३ मध्ये मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल काहनेमन यांनी आपली जुनी मतभिन्नता बार्बरा मेलर्स यांच्या मध्यस्थीने एकत्र बसून तपासली, तेव्हा बहुतेक लोकांच्या बाबतीत उत्पन्नाबरोबर समाधानही वाढत जाते असे दिसले. फक्त जे सर्वांत दुःखी होते, त्यांचे दुःख एका मर्यादेपर्यंत पैशाने कमी होई आणि त्यानंतर पैशाचा उपयोग थांबे. हा शेवटचा भाग मला महत्त्वाचा वाटतो. काही दुःखे पैशाने मिटतात आणि ती मिटवावीत. काही त्याला दाद देत नाहीत, आणि तेथे आणखी पैसा ओतून जसा उपयोग नसतो तसाच असलेला पैसा टाकून देऊनही नसतो. तुमच्या घराने, गादीने, पगाराने तुमची वाढ खुंटवलेली नाही. त्यांनी तुम्हाला बसायला भक्कम जागा दिली आहे. प्रश्न एवढाच आहे की त्या जागेवरून उठून तुम्ही कोठे जायला टाळता आहात.

कंपनीच्या प्रशिक्षणात तुम्ही अब्राहम मॅस्लो यांचा गरजांचा त्रिकोण नक्कीच पाहिला असेल: खाली अन्न आणि सुरक्षितता, मग प्रेम, मग मान, आणि टोकावर आत्मविकास. खालचे चार मजले बांधून झाले, आता कळस चढवायचा, असा तुमच्या पत्राचा एकूण सूर आहे. मॅस्लो यांच्या १९४३ च्या मूळ लेखात हा त्रिकोण कोठेही नाही. तो नंतर इतरांनी काढला. खालची गरज पूर्ण भागल्याशिवाय वरची जागी होत नाही असेही त्यांनी म्हटलेले नाही. सगळ्या गरजा एकाच वेळी थोड्याथोड्या भागलेल्या आणि थोड्याथोड्या अपुऱ्या असतात, हे त्यांनी त्याच लेखात स्पष्ट केले आहे. आणि १९७० साली निधन होण्याआधीच्या अखेरच्या काही वर्षांत ते असे मानू लागले होते की आत्मविकास हे टोक नव्हेच. स्वतःच्या पलीकडच्या कशासाठी तरी स्वतःला विसरणे ही त्याहून पुढची अवस्था आहे. एरिक एरिक्सन यांनी तर १९५० सालीच मध्यमवयाचा पेच नेमक्या तुमच्याच शब्दात सांगितला होता: एका बाजूला साचून राहणे आणि दुसऱ्या बाजूला आपल्यामागून येणाऱ्यांची जोपासना. साचलेपणावर त्यांनी सुचवलेला उतारा स्वतःवर अधिक मेहनत घेणे हा नव्हता. हे वाचून तुम्हाला थोडे निराश वाटेल याची मला कल्पना आहे, कारण स्वतःवर मेहनत घेण्यात तुमचा हात धरणारे कोणी नसेल.

तुमच्यासारखाच प्रश्न दोनशे वर्षांपूर्वी एका वीस वर्षांच्या तरुणाला पडला होता, आणि त्याने पुढे काय केले हे तुम्हाला सांगावेसे वाटते. पुढे नावाजलेला इंग्रज तत्त्वज्ञ झालेल्या जॉन स्टुअर्ट मिल याला त्याच्या वडिलांनी अगदी लहानपणापासून ग्रीक, गणित, तर्कशास्त्र शिकवून जग सुधारण्यासाठी घडवले होते. १८२६ च्या हिवाळ्याआधी, मन उदास असताना, त्याने स्वतःला विचारले की, तुला ज्या सुधारणा हव्या आहेत त्या सगळ्या या क्षणी घडून आल्या तर तुला मोठा आनंद होईल का? आतून उत्तर आले, नाही. ही हकीकत त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवली, ते त्याच्या मृत्यूच्या वर्षी, १८७३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याची गाडीतली वीस मिनिटे महिनोन्महिने चालली. पण त्याने नोकरी सोडली नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत तो १८२३ पासून कारकुनी करत होता, आणि १८५८ पर्यंत तेथेच राहिला. ज्या कंपनीची ती कचेरी होती तिच्या राज्याविषयी आपले मत काय आहे हे येथे बाजूला ठेवू. पाहायचे आहे ते त्याच्या मनाचे वळण. त्याने आपल्या घडणीतली उणीव शोधली. विचार करायला त्याला सर्वांनी शिकवले होते, भावना अनुभवायला कोणीही नाही. १८२८ मध्ये तो वर्ड्‌स्वर्थच्या कविता वाचू लागला आणि त्यांनी त्याला सावरले असे तो सांगतो. ज्यात तो तरबेज होता त्यात त्याने भर घातली असती तर आणखी तर्कशास्त्र वाचले असते. तो वळला ते ज्यात तो कच्चा होता त्याकडे. आणि सुखाविषयी त्याने काढलेला निष्कर्षही तुमच्या यादीपाशी ठेवून पाहण्याजोगा आहे: सुखाला थेट लक्ष्य केले की ते हाती लागत नाही, लक्ष दुसऱ्या कशावर, इतरांच्या भल्यावर किंवा एखाद्या कलेवर, असले की ते वाटेत भेटते.

आता मी तुमच्या पत्रातल्या त्या वाक्याकडे येते. ‘पण तो वेगळा विषय आहे.’ मला तो वेगळा विषय वाटत नाही.

तुम्ही निवडलेली कष्टांची यादी आणि भावाविषयीचे ते वाक्य शेजारीशेजारी ठेवा. थंड पाणी, पहाट, धावणे, मौन: या सगळ्यांत कष्ट आहेत, पण ते किती घ्यायचे हे तुमच्या हातात आहे, कोणी तुम्हाला नाही म्हणणार नाही, कोणी तुम्हाला उलट बोलणार नाही, आणि शिस्त हे तुमचे जन्मभराचे हत्यार तेथे उत्तम चालेल. भावाच्या दारात यांतले काहीच चालणार नाही. तेथे तुम्ही अधिकारी नाही. तेथे वेळापत्रक नाही, प्रगतीचा आलेख नाही, यशाची हमी तर मुळीच नाही. तो कदाचित दार उघडणार नाही, आणि उघडले तर तो जे बोलेल ते ऐकून घ्यावे लागेल. तुम्ही वाढीसाठी ज्या कष्टांच्या शोधात आहात ते कष्ट चार वर्षे तुमची वाट पाहत आहेत, आणि ते टाळण्यासाठी तुम्ही मॅरेथॉन धावायलाही तयार आहात, असे मी म्हटले तर ते फार कठोर होईल का? मला तसे खरोखर वाटते, म्हणून लिहिते आहे.

आणि त्या भांडणाचा विषय काय होता हेही पाहा. तुम्ही पैसे पाठवले, तो रात्री जागला. तुम्ही दोघेही खरे बोलत होता. आजारपणात पैसा लागतो आणि तो तुमच्याचपाशी होता. तो पाठवणे हे प्रेमच होते. पण पैसा पाठवता येतो, जागरण पाठवता येत नाही. भावाचे ते वाक्य तुम्हाला इतके झोंबले, याचे कारण बहुधा असे की ज्या यशावर तुम्ही घरच्यांच्या सगळ्या गरजा तोवर भागवल्या होत्या, ते यश पुरे पडत नाही अशी एक जागा त्याने दाखवून दिली. गेली दोन वर्षे तुम्हाला जे रितेपण जाणवते आहे त्याची सुरुवात मी पदोन्नतीत शोधणार नाही, त्या रात्रींपाशी शोधेन. माझा तर्क चुकीचाही असू शकेल. तो तुम्हीच तपासायचा आहे.

याचा अर्थ नोकरी मुळीच सोडू नये असा नाही. तो निर्णय योग्यही ठरू शकेल, पण त्याला त्याच्या जागी ठेवूया. मैत्रिणीसारख्या उदाहरणांत आपल्याला निघून जाण्याचा क्षण तेवढा दिसतो. अल्बर्ट श्वाइट्झर यांचे नाव अशा वेळी हटकून घेतले जाते: धर्मशास्त्राचे अध्यापक, नावाजलेले ऑर्गनवादक, आणि सगळे सोडून आफ्रिकेत रुग्णसेवेला गेलेले. इतरांसाठी काही करायचे हे त्यांनी १८९६ मध्ये, एकविसाव्या वर्षी ठरवले. वैद्यकीचे शिक्षण सुरू केले १९०५ मध्ये. आफ्रिकेतल्या लांबारेनेला पोहोचले १९१३ मध्ये. निश्चय आणि प्रस्थान यांत १७ वर्षे आहेत, त्यांतली शेवटची काही वर्षे वैद्यकीच्या अभ्यासात गेली आहेत. आणि जे ‘सोडले’ असे आपण म्हणतो ते संगीतही त्यांनी सोडले नाही. रुग्णालयाला पैसा उभा करण्यासाठी ते ऑर्गनच्या मैफली करत राहिले. त्यांच्या रुग्णसेवेतल्या वडीलकीच्या, वरून पाहण्याच्या वृत्तीवर पुढे टीका झाली आणि ती रास्त होती. सेवेलाही उंचीची चटक लागू शकते, हे त्यातून घेण्याजोगे आहे.

तेव्हा राजीनामा सहा महिने पुढे ढकला, असे मी सुचवेन. बिनपगारी रजा किंवा कमी तासांचे काम मिळते का, याची चौकशी दरम्यान करून ठेवा. तीन महिने घर पतींच्या एकट्याच्या उत्पन्नावर चालवून पाहा आणि तुमचा पगार जसाच्या तसा बाजूला ठेवा. कागदावरच्या हिशेबाने जे कळत नाही ते या तीन महिन्यांत कळेल, आणि मुलाच्या शिक्षणाची तरतूद व आजारपणाचा विमा वगळून दीड वर्षाचा खर्च साठतो का हेही दिसेल. हे वाचणाऱ्या ज्यांच्यापाशी अशी शिल्लक नाही, त्यांनी हा सगळा विषयच आपल्यासाठी नाही असे कृपया समजू नये. माणूस म्हणून वाढायला मोकळे वर्ष लागत नाही, आणि ज्यांना महिन्याची अखेर गाठण्याची चिंता आहे त्यांच्यात मी अनेकदा अशी प्रगल्भ समज पाहिली आहे की जी फुरसतीतून येत नाही.

या सहा महिन्यांत आठवड्यातून तीन तास एखादी अशी गोष्ट शिका जिच्यात तुम्ही अगदी नवख्या असाल, जिथे तुमचे पद कोणालाही ठाऊक नसेल, आणि जिचा कोणाला तरी उपयोग असेल. अंध व्यक्तींसाठी वाचन करणे, अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची शुश्रूषा शिकणे, वाचायला अडणाऱ्या एखाद्या मुलाला शिकवणे, काहीही चालेल. अट एकच: त्याचे नियोजन तुमच्याकडे नको. एखाद्या पंचविशीतल्या मुलीने तुम्हाला ‘असे नाही, असे धरा’ म्हणून सांगावे आणि तुम्ही ते ऐकावे, हे तुमच्या मनाला थंड पाण्याहून अधिक जागे करील. आणि याविषयी सहा महिने कोणाला सांगू नका. घरच्यांना अर्थातच सांगा, पण सहकारी, परिचित, मैत्रीण यांपैकी कोणालाही नाही. ज्याची वाच्यता होणार नाही असे काम करण्याची इच्छा तिसऱ्या महिन्यातही टिकली, तर ती ओढ खरी आहे असे समजायला हरकत नाही. टिकली नाही तरी ते कळणे मोलाचेच आहे.

एक वहीही जवळ ठेवा. तिच्यात आकडे नकोत. दिवसभरात कोणत्या क्षणी स्वतःचा विसर पडला, आणि कोणाचे बोलणे आपण अर्धवट ऐकले, एवढ्या दोनच गोष्टी रात्री लिहा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्यापेक्षा बरेच लांब येईल, बहुतेकांचे येते.

पतींच्या वाक्याने तुम्ही दुखावल्या आहात. ‘सुख टोचते आहे’ हे बोलणे बोचरेच आहे. तरी त्याच्या आत काय आहे हे एकदा विचारून पाहा. तुम्ही त्यांच्याकडे परवानगी मागितलीत, ती मिळाली नाही, आणि बोलणे तेथे संपले असे दिसते. ‘या सगळ्यात तुम्हाला भीती कशाची वाटते?’ असे विचारले असते तर कदाचित पैशाविषयी काही ऐकायला मिळाले असते, किंवा कदाचित असे की, ज्या घराला तू रिते म्हणतेस त्या घरात मीही आहे. आईच्या खस्ता हे कर्ज आहे असे धरून तुम्ही आजवर ते फेडत आला आहात. मला वाटते, तिला फेड नको आहे. आपल्या कष्टांनी लेक सुखी झाली की नाही एवढेच तिला जाणून घ्यायचे आहे, आणि तुम्ही रित्या आहात हे कळल्यावर ती घाबरली आहे. तिला यादी सांगू नका, तिच्याजवळ बसा. ओढगस्तीच्या त्या दिवसांत तिला स्वतःला कशाने तगवले हे तुम्ही तिला कधी विचारले आहे का?

शेवटी भावाविषयी. प्रत्येक तुटलेले नाते जोडावेच असे माझे मत नाही. जेथे मारहाण, छळ किंवा फसवणूक झाली असेल तेथे दूर राहणे हेच शहाणपणाचे असते, आणि तशा वाचकांनी हा भाग आपल्याला लागू करून घेऊ नये. तुमच्या पत्रात तसे काही नाही. आहेत ती दोन दमलेली भावंडे आणि त्यांच्यामध्ये एका आजाऱ्याची खाट. त्याला फोन करू नका. अचानक आलेल्या फोनवर माणूस स्वतःचा बचाव करू लागतो. हाताने पत्र लिहा, एका पानाचे. त्यात पैशांचा उल्लेख नको, तुमचाही नको आणि त्याचाही नको. माझेही काही बरोबर होते, हे वाक्य लिहावेसे वाटेल. ते कच्च्या कागदावर लिहा आणि तेथेच राहू द्या. क्षमा मागायची असेल तर ती एका ओळीत मागा आणि तिच्या बदल्यात काहीही मागू नका. मग त्याला त्या रात्रींविषयी विचारा. बाबा काय बोलायचे, झोप लागत नसली की तो काय करायचा, शेवटच्या आठवड्यात त्यांनी कोणाची आठवण काढली. तुम्ही तेथे नव्हता, त्यामुळे हे तुम्हाला ठाऊक नाही, आणि ज्याला ठाऊक आहे असा तो एकच माणूस आहे. पत्र टाका, आणि उत्तर येण्यासाठी कोणतीही तारीख मनात धरू नका.